'मिसेस'मधले मुके अक्षर

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला 'मिसेस' ह्या शब्दाचे स्पेलिंग पाहून एक शंका हटकून येते. एम्-आर्-एस् ह्या तीन अक्षरांतला 'आर्' उच्चारात कोठेच ऐकू येत नाही; मग तो आला कोठून? इंग्रजी स्पेलिंगच्या लहरी पुष्कळ आहेत, असे सांगून आपण त्याची समजूत घालतो. परंतु ह्या 'आर्'ला एक इतिहास आहे, आणि तो स्त्रीच्या मानाचा इतिहास आहे.

'मिसेस' हा मुळात 'मिस्ट्रेस' ह्या शब्दाचा लेखनातला संक्षेप. 'मास्टर' म्हणजे धनी. 'मिस्ट्रेस' म्हणजे धनीण. नोकरचाकरांवर जिची आज्ञा चाले, जी दुकान चालवी किंवा मुलांना शिकवी, ती मिस्ट्रेस. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन ह्यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, त्यात ह्या शब्दाचे अनेक अर्थ आहेत: सत्ता चालवणारी स्त्री, एखाद्या विद्येत निपुण स्त्री, शिक्षिका, प्रेयसी आणि रखेलीसुद्धा. 'विवाहिता' हा अर्थ मात्र त्यांत नाही. एपिक्टीटस ह्या तत्त्ववेत्त्याची वचने १७५८ साली ग्रीकमधून इंग्रजीत आणणाऱ्या एलिझाबेथ कार्टर आजन्म अविवाहित राहिल्या. तरीही लोक त्यांना 'मिसेस कार्टर' म्हणत, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे.

मग 'मिस' म्हणजे कोण? हाही 'मिस्ट्रेस'चाच तुकडा. सतराव्या शतकात त्याला दुर्लौकिक होता. जॉन एव्हलिन ह्यांनी १६६२ सालच्या दैनंदिनीत, बदफैली बायकांना हल्ली 'मिस' म्हणू लागले आहेत, अशी नोंद केली आहे. पुढे हा शब्द लहान मुलींसाठी रूढ झाला. मुलगा 'मास्टर' आणि मोठा झाला की 'मिस्टर'. तशीच मुलगी 'मिस' आणि मोठी झाली की 'मिसेस'. दोघांनाही वयाचाच उंबरठा ओलांडावा लागे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा उंबरठा मुलींपुरता सरकला. प्रतिष्ठित घरांतल्या मोठ्या परंतु अविवाहित स्त्रिया स्वतःस 'मिस' म्हणवू लागल्या आणि हळूहळू 'मिसेस'चा अर्थ 'विवाहिता' असा आकुंचित झाला. अविवाहित कारभारीण किंवा स्वयंपाकीण तेवढी जुन्या रीतीने 'मिसेस' राहिली. विवाहितेचे तर स्वतःचे नावही मागे पडले. जेन ऑस्टिन ह्यांच्या १८११ सालच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ह्या कादंबरीत 'मिसेस जॉन डॅशवुड' भेटतात. ह्यातले 'जॉन' हे त्यांच्या यजमानांचे नाव. पुरुष मात्र लग्नापूर्वी 'मिस्टर', लग्नानंतरही 'मिस्टर'!

ह्या अडचणीतून वाट काढण्याची सूचना अमेरिकेत १९०१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने केली. समोरच्या बाईंचे लग्न झाले आहे की नाही हे ठाऊक नसता 'मिस' म्हणावे की 'मिसेस'? त्यापेक्षा एम् आणि एस् एवढीच अक्षरे लिहावीत व उच्चार 'मिझ' असा करावा. सूचना त्या वेळी विरून गेली. १९६१ च्या सुमारास शीला मायकेल्स ह्या तरुणीने टपालाने आलेल्या एका अंकाच्या पत्त्यावर ही दोन अक्षरे पाहिली. प्रथम तिला ती छपाईची चूकच वाटली. पण जिची ओळख ना बापावरून ना नवऱ्यावरून, अशा स्त्रीसाठी शब्द सापडला, असे तिच्या मनाने घेतले. १९६९ साली न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्रावरून तिने तो बोलून दाखवला. ग्लोरिया स्टायनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच नाव आपल्या मासिकाला दिले, आणि १९७२ पासून ते नियमित निघू लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला मात्र हा शब्द स्वीकारायला १९८६ साल उजाडावे लागले. ह्या अक्षरांपुढे अमेरिकन लेखक टिंब देतात, इंग्रज सहसा देत नाहीत. त्यांनी 'मिसेस'पुढचे टिंबही सोडले आहे.

मराठी श्रोत्याला ह्या कथेत परकेपणा वाटू नये. आपल्याकडे पुरुषाला एक 'श्री.' जन्मभर पुरतो. स्त्रीच्या नावामागे मात्र 'कु.', 'सौ.' आणि 'गं. भा.' अशा तीन पाट्या आपण पालटत आलो. इंग्रजीतली 'मिसेस' विधवा झाली तरी 'मिसेस'च राहते; आपण तिचे वैधव्यही पाकिटावर लिहून टपालवाल्याला कळवले. सर्वांना चालणारा 'श्रीमती' शब्द आपल्यापाशी आहे. तरी तो नेमका कोणासाठी, ह्याविषयी आजही घोळ होतो.

मुलाने पुन्हा त्या 'आर्'विषयी विचारले, तर त्याला सांगावे: हे अक्षर आता बोलत नाही, पण ती बाई एके काळी कोणाचीही पत्नी नसतासुद्धा धनीण होती, एवढी साक्ष ते अजून देते.