हट्ट्याची आजी आणि धूळघाटची गाडी

डोंगरातून जाणारी रेल्वे म्हटलं की लोकांना दार्जिलिंग आठवतं, उटी आठवतं. माणूस मुंबईकर असेल तर माथेरान. पैसे साठवून, नवे स्वेटर घेऊन ही मंडळी निसर्ग बघायला जातात आणि परत आल्यावर फोटोंचे अल्बम आपल्या मांडीवर ठेवून आपला सूड घेतात. माझ्याकडे असा एकही फोटो नाही. मी डोंगरातली गाडी पाहिली ती आजीच्या नवसापायी, आणि तीही आजीच्या खांद्यावरून. कारण वसमतला तिनं जी खिडकी धरली ती खांडव्यापर्यंत सोडली नाही. आम्ही हट्ट्याचे. गावाच्या नावातच हट्ट आहे. तो कुणाच्या वाट्याला किती येतो हे ज्याच्या त्याच्या घरावर; आमच्या घरातला सगळा एकट्या आजीकडे गेला होता.

हट्ट्याला स्टेशन नाही. गाडी धरायची तर वसमत गाठायचं. गाव स्वतःला वसमत म्हणवतं, रेल्वे त्याला बसमत म्हणते. त्यातला 'बस' मराठी आणि 'मत' हिंदी धरला तर अर्थ निघतो 'बसू नको'. डब्यातली गर्दी पाहता रेल्वेनं ही पूर्वसूचनाच देऊन ठेवली होती म्हणायची!

औंढ्याचा नागनाथ आमच्या शेजारचा. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असं घरचंच असल्यामुळे उरलेल्या अकरांना आजी नागनाथाचे भाऊबंद समजायची. त्यांतल्या ओंकारेश्वराला जायचं आणि नर्मदेचं पाणी आणून नागनाथाला घालायचं, असा तिचा नवस होता. तो कशासाठी, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. साल १९७६. मी अकरा वर्षांचा, म्हणजे अर्ध्या तिकिटाचा. तेवढ्याच गुणावर सोबतीला माझी निवड झाली.

गाडी छोट्या रुळाची, म्हणजे मीटरगेज. या मीटरची एक गंमत आहे. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारनं खर्च वाचवायला अरुंद रूळ घालायचं ठरवलं. देशात आता दशमान मापं येणारच, असं तेव्हा वाटत होतं, म्हणून रुंदी धरली बरोबर एक मीटर. मीटर रुळावर आला खरा, पण कापडाच्या दुकानात शिरायला त्याला १९५६ चा कायदा लागला. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आमची गाडी मीटरवर धावत होती आणि गाडीतल्या बायका वारावर लुगडी घेत होत्या.

निजामाच्या राज्यात पूर्णेहून निघालेला हा रूळ १९१२ साली हिंगोलीला पोचला आणि तिथंच थबकला. पुढं पैनगंगा, तिच्यापलीकडं वऱ्हाड. नावाला निजामाचा, कारभाराला इंग्रजांचा! दोन सत्तांच्या मधे आमचा रूळ जवळजवळ अर्धं शतक लग्नाच्या बोलणीसारखा अडून राहिला. तिकडं उत्तरेत खांडव्यापर्यंत मीटरगेज, इकडं दक्षिणेत हिंगोलीपर्यंत मीटरगेज, आणि मधे मोठी फट. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास, खांडवा-हिंगोली जोडमार्ग झाला तेव्हा कुठे ही फट बुजली.

हा इतिहास मला अर्थातच नंतर कळला. त्या दिवशी हिंगोली सुटली आणि इतका वेळ शेंगा सोलत बसलेली आजी एकदम गप्प झाली. कानेरगाव नाका हे स्टेशन आलं. "नाका कसला गं?" मी विचारलं. "हद्दीचा," ती म्हणाली. मग पैनगंगेचा पूल लागला, आणि आजीनं पाण्याकडे बघत मला एक गोष्ट सांगितली. रझाकारांच्या दिवसांत, १९४८ च्या उन्हाळ्यात, रातोरात बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ती याच नदीतून पलीकडे गेली होती. गाडीत माझे वडील, आठ वर्षांचे, कडब्याखाली. आजोबा मागं राहिले होते. "तुझ्या बापानं खोकू नये म्हणून त्याच्या तोंडात गूळ धरला होता. अख्खा खडा संपला, पण पोरगं हूं की चूं करीना." सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं आणि आजी परत आली. आजोबा सुखरूप होते. "तेव्हाच बोलले होते नवस," ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षं तिनं तो अंगावर बाळगला होता. आधी रूळ नव्हते, मग सवड नव्हती.

पूल संपला. नाक्यावरचा शिपाई केव्हाच गेला होता, फक्त स्टेशनाच्या नावात नाका तेवढा उरला होता. आमचं तिकीट तपासायलाही कुणी आलं नाही.

अकोला गेलं, अकोट गेलं, आणि सपाट वऱ्हाड एकाएकी संपून समोर सातपुडा उभा राहिला. वान रोड सोडल्यावर इंजिन दम्याच्या रोग्यासारखं धापा टाकू लागलं. डोकं बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात कोळशाचा एकेक कण पडला आणि अर्धा डबा पदराच्या टोकानं दुसऱ्या अर्ध्या डब्याचे डोळे पुसू लागला. इतक्यात आजी ओरडली, "आरं, गाडी माघारी निघाली की!"

खरंच निघाली होती. धूळघाटला रेल्वेनं एक नामी युक्ती केली होती. डोंगर उभा आणि गाडीला सरळ चढ झेपत नाही. म्हणून रूळ डोंगराला वळसा घालून गोल फिरवला आणि पुलावरून स्वतःच्याच डोक्यावरून पुढं नेला. थोड्या वेळापूर्वी आपण जिथून गेलो तो रूळ आता खाली दिसत होता. डब्यातल्या एका जाणत्यानं हे सगळं हातवारे करून समजावलं. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तसं नाही. काहीतरी विसरली असंल, म्हणून माघारी आली. मीबी निघताना दोनदा घरात गेले होते."

धूळघाटला कोरकू बायका डोक्यावरच्या टोपल्या सांभाळत चढल्या. आजीला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आजीची. तरी तुकईथडपर्यंत शेंगा आणि तंबाखू यांची देवाणघेवाण सुरळीत चालली. जंगलाकडे डब्यात कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांचा तो रोजचा रस्ता होता, तिकीट काही देखाव्याचं काढलेलं नव्हतं.

खांडव्याहून पुढची लाइन होळकरांची. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं कर्जाऊ दिले आणि रेल्वे इंदूरला नेली. मराठी माणसाला धंदा कळत नाही म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. आम्ही त्या रुळावरून गेलो तेव्हा कर्जाची मुदत संपून पाचच वर्षं झाली होती. आजीचं कर्ज दुसऱ्या दिवशी नर्मदेत फिटलं.

पुढं पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली मोठ्या रुळाचा झाला. अकोला-खांडव्याची छोटी गाडी १ जानेवारी २०१७ पासून बंद झाली. अकोटपर्यंत २०२२ मध्ये मोठी गाडी आली. पण त्यापुढं मेळघाट, १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प. तिथून रुंद रूळ नेऊ नयेत, मार्ग जंगलाबाहेरून वळवावा, असं ठरलं. वाघाचं म्हणणं मला पटतं. तो तिथला मूळ रहिवासी, आणि गाडीखाली मरणं हे काही त्याच्या नशिबी असू नये. पण शेंगांच्या बदल्यात तंबाखू देणाऱ्या त्या बायकांचं म्हणणं कुणी कुठं विचारलं, ते मात्र माझ्या वाचनात आलं नाही.

मध्यंतरी नातीला घेऊन पाताळपाणी ते कालाकुंड गेलो. होळकरांच्या लाइनीच्या या घाटाच्या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरात पर्यटकांसाठी खास गाडी सुरू झाली. मोठमोठ्या काचा, गार हवा, आणि मुद्दाम देखावा बघायला तिकीट काढलेली माणसं. धबधबा आला, तशी सगळी फोटो काढू लागली. नात म्हणाली, "आबा, आता मला खिडकीत बसू द्या ना."

मी कालाकुंडपर्यंत हललो नाही. आजीकडचा हट्ट संपला, असं आम्ही उगीचच समजत होतो.