वरकुट्याच्या फत्तराची साक्ष

इंदापूर तालुक्यांतील वरकुट्यास विहीर खणावयाची म्हणजे वर माती, मातीखालीं मुरूम आणि मुरमाखालीं काळा फत्तर हा क्रम ठरलेला आहे. फत्तर लागला कीं कुदळीचें काम संपतें व सुरुंगाचें सुरू होतें. अशाच एका विहिरीच्या कांठीं पडलेल्या दगडांवरून आम्ही खिशांतील होकायंत्र फिरवून पाहत होतों. एकदोन दगडांपाशीं सुई किंचित् ढळली, तोंच शेजारीं उभे असलेले म्हातारे शेतकरी म्हणाले, “पाव्हणं, पाणी दावतंय व्हय हे?” पाणी दाखविण्याचें सामर्थ्य त्या यंत्रांत नव्हतें, परंतु सुईला ढळविणारा जो गुण त्या दगडांत आहे, त्याच्या शोधाची हकीकत सांगण्याजोगी आहे.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमींतील भेगांतून तप्त शिलारस थरांवर थर बाहेर आला. आजहि त्यानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच आणि वरकुट्याची विहीरहि त्यांतलीच. या दगडांत लोह व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडांचे बारीक कण असतात. शिलारस निवत असतां उष्णमान सेल्सियसच्या ६०० अंशांखालीं उतरलें, कीं हे कण त्या वेळच्या भूचुंबकाची दिशा धरून ठेवतात. नवल हें कीं, पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र आमच्या भागांत अवघें ०.४ गाउस आहे. मुलांच्या खेळांतील लोहचुंबकाचें बळ त्याच्या शेंकडों पटींनीं असतें.

दगड वाचण्याची ही विद्या फार जुनी नाहीं. १९०६ सालीं फ्रान्समध्यें बर्नार ब्रून यांस उलट्या दिशेनें चुंबकित झालेला लाव्हा आढळला. १९२९ सालीं जपानांत मातुयामा यांनीं, पृथ्वीचें क्षेत्रच पूर्वीं उलटें असावें, असा तर्क मांडिला. पुढें इंग्लंडांत ब्लॅकेट यांनीं, फिरणाऱ्या कोणत्याहि वस्तूंत आपोआप चुंबकत्व येतें कीं काय हें पाहण्यासाठीं एक अत्यंत नाजुक मापनयंत्र बनविलें. १९५२ मध्यें उत्तर नकारार्थी आलें. सिद्धांत गेला, यंत्र मात्र राहिलें. आणि खडकांतील क्षीण चुंबकत्व मोजावयास तें नेमकें उपयोगी पडलें. १९५६ सालीं क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं दख्खनच्या दगडांवरील आपलीं मापनें प्रसिद्ध केलीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सी. राधाकृष्णमूर्ति व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनीं हेंच काम हातीं घेतलें, आणि डॉइच यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९५९ सालीं बाहेर आला.

त्या मापनांतून दोन गोष्टी निघाल्या. कित्येक थरांचें चुंबकत्व आजच्या उलट दिशेचें होतें, ही पहिली. दुसरी अधिक चमत्कारिक. आज आमच्या भागांत मोकळी टांगलेली सुई आपलें उत्तरेचें टोंक जमिनीकडे वांकविते. दगडांतील सुई, उलटेपणाची वजावट केल्यावर, तें आकाशाकडे उचलून धरते. असें केवळ विषुववृत्ताच्या दक्षिणेस घडतें. कलाचा कोन मोजून हिशेब केला तेव्हां स्थान आलें सुमारें ३० अंश दक्षिण. म्हणजे वरकुट्याची भूमि त्या काळीं आजच्या जागेहून सुमारें पांच हजार किलोमीटर दक्षिणेस होती! वेगेनर यांनीं १९१२ सालीं खंडें सरकतात असें सांगितलें, तेव्हां थोरथोर पंडितांनीं त्यांस हंसण्यावारीं नेलें होतें. त्यांच्या वतीनें आतां आमचा फत्तर साक्षीस उभा राहिला.

पण साक्षीदार खरा कशावरून? वीज माळावरील खडकावर कोसळली कीं तिच्या प्रचंड प्रवाहानें जुनी दिशा पुसून जाते, हा एक आक्षेप. दुसरा याहून बिकट होता. १९५१ च्या सुमारास जपानांतील हारुना येथील एक दगड नागाता व त्यांचे सहकारी यांस असा सांपडला, कीं तो तापवून निवविला असतां सभोंवतालच्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेनें आपोआप चुंबकित होई. फ्रेंच शास्त्रज्ञ नेएल यांनीं त्याची उपपत्तीहि दिली. मग आमच्या दगडाचा उलटेपणा पृथ्वीचा मानावयाचा, कीं दगडाच्याच अंगचा?

येथें क्षीण क्षेत्राची भाषा समजण्यास प्रबळ क्षेत्राचें साहाय्य घ्यावें लागलें. उलटसुलट होणाऱ्या प्रबळ क्षेत्रांत दगड ठेवावा आणि तें क्षेत्र हळूहळू शून्यावर आणावें. मागाहून चिकटलेलें, दुबळें चुंबकत्व विस्कटून जातें व मूळचें चिवट तेवढें उरतें. ही झाली धुलाई. कणांची जात ओळखणें हें निराळें काम. त्यासाठीं एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं १९६५ सालीं विद्युच्चुंबकाचें एक यंत्र प्रसिद्ध केलें. त्यांत पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारों पटींनीं प्रबळ असें प्रत्यावर्ती क्षेत्र दगडास दिलें जाई. क्षेत्र वाढतें, उतरतें, उलटतें. दगडाचें चुंबकत्व मात्र त्याच्या मागें रेंगाळतें, आणि त्या रेंगाळण्याची मिटलेली आकृति पडद्यावर उमटते. आकृति फुगीर कीं चिंचोळी, द्रवरूप नत्रवायूच्या थंडींत तिचें रूप कसें पालटतें, यावरून कण दिशा धरून ठेवणारे आहेत कीं सोडून देणारे, याचा निवाडा होतो. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत कमी गाजलेलें व सर्वांत नेटकें काम हेंच.

मूळ वादाचा निकालहि त्याच सुमारास लागला. कॉक्स, डोएल व डॅलरिंपल यांनीं १९६३-६४ मध्यें दूरदूरच्या लाव्हांचीं वयें मोजून दाखविलें, कीं एकाच काळचे दगड सर्वत्र एकाच बाजूस वळलेले असतात. उलटली होती ती पृथ्वीच; हारुनाचा दगड अपवाद ठरला. पुढें १९८६ सालीं कूर्तिय्यो व त्यांचे सहकारी यांनीं दख्खनच्या थरांत दिशा किती थोड्या वेळां पालटली आहे यावरून, हा बहुतेक शिलारस दहा लक्ष वर्षांच्या आंतच ओतला गेला असावा, असें प्रतिपादन केलें.

दगड नेणारे शास्त्रज्ञ तो फोडण्यापूर्वीं त्यावर उत्तर दिशा व क्षितिजाची रेघ आंखून घेतात. वरकुट्याच्या विहिरीकांठचा ढीग म्हणून त्यांच्या उपयोगाचा नाहीं. सुरुंगानें उडतांना कोणता दगड कसा फिरला हें कोण सांगणार? त्यांस हवी विहिरीची आंतली भिंत. म्हातारबोवांस आम्हीं हें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, “मग खाली उतरा की. दोर हाय.”