नदी कोणाची?



परवां प्रवरासंगमाच्या पुलावरून एक मोटार गेली. तिच्या टपावर शिडाची एक लहानशी होडी पालथी घातलेली होती. नाळ व वरामा दोरांनीं गाडीस आवळलेले, डोलकाठी उतरवून शेजारीं बांधलेली. पाण्यावरची वस्तु जमिनीवरून जातांना पाहून मुलें हंसलीं. मला मात्र याच परिसरांतली १८०३ सालची हकीकत आठवली.

त्या वर्षीं ८ ऑगस्टला जनरल आर्थर वेलस्लीनें आपल्या नगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, पेठ घेतली. १२ तारखेस शिंद्यांच्या ताब्यांतला किल्लाही त्याच्या स्वाधीन झाला. पुढें औरंगाबादेस जावयाचें तर वाटेंत पावसाळी गोदावरी आडवी. दसऱ्याला सीमोल्लंघन करावें, पावसाळ्यांत नव्हे, ही आपली जुनी रीत. वेलस्लीनें हिशेब नेमका उलटा मांडला. मराठी घोडदळाची भिस्त नदीच्या उतारांवर. उतार बुडाले कीं तें अडणार. आपणांजवळ नावा असल्या तर तीच नदी आपली सोबतीण होणार!

पण नावा न्यावयाच्या कशा? मुंबईहून गाड्यांवर लादून जड नावा आणण्याचा बेत पावसानें आणि रस्त्यांनीं हाणून पाडला. कामास आल्या त्या टोपलीसारख्या गोल नावा. फोकांची वीण आणि तिच्यावर बैलाचें कातडें, एवढेंच त्यांचें भांडवल. ती जागच्या जागीं तयार होते आणि लहान असली तर माणूस पालथी करून डोक्यावर नेतो. अशा नावांतून इंग्रजी फौज संगमाशेजारच्या टोका गांवाजवळ गोदावरीपार झाली. २९ ऑगस्टला वेलस्ली औरंगाबादेस पोहोंचला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली.

ही विद्या कांहीं साहेबानें विलायतेहून आणली नव्हती. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहणाऱ्या दोमिंगो पायश या पोर्तुगीज प्रवाशानें तेथील अशाच नावांचें वर्णन केलें आहे. कानडींत त्यांस हरिगोल म्हणतात. त्याहूनही जुनी गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. बाबिलोनास नदीनें माल नेणारे व्यापारी परततांना नावेचा सांगाडा विकून टाकीत आणि कातडीं गाढवावर लादून पायीं घरीं येत. कारण प्रवाहाच्या उलट नाव नेणें अशक्य.

आमच्या मुलुखांत बुरूड होते, चामड्याचें काम करणारे होते. फोक रानांत होते. सामान घरचेंच होतें. परंतु ज्यानें वेळेवर तें जमविलें, त्याला नदीनें वाट दिली. नदी कोणाचीच तटबंदी नसते. जो तिच्यावर विसंबून राहतो त्याला ती अडविते, आणि जो नाव बरोबर घेऊन येतो त्याला पार नेते. मोटारीवरची ती होडी मला हाच धडा पुन्हां शिकवून गेली.