मोवाडचा पूर आणि घरकुलाचा हिशोब

वर्धा नदी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळच्या सातपुड्यात उगम पावते आणि महाराष्ट्रात आल्या आल्या नरखेड तालुक्याला भेटते. अलीकडचा काठ नागपूर जिल्ह्याचा, पलीकडचा अमरावतीच्या वरूड तालुक्याचा. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. याच काठावर मोवाड वसलं. इंग्रजी अमदानीत, हा भाग काटोल तहसिलीत असताना, १८६७ सालीच इथे नगरपालिका स्थापन झाली. तेव्हा विदर्भातल्या भल्याभल्या गावांना तो मान मिळाला नव्हता. पाणी, बाजार, सुपीक जमीन हे सगळं नदीमुळेच आलं होतं, म्हणून गावही नदीला बिलगून वाढत गेलं.

३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि मोवाड त्यात सापडलं. २०४ माणसं गेली. घरांच्या मातीच्या भिंती विरघळल्या, टिनं आणि कवेलू वाहून गेले, धान्याच्या कणग्या गेल्या. जे वाचले त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसं काही उरलं नाही. विदर्भात पूर नवे नव्हते. पण एका लहानशा गावातली इतकी माणसं एकाच पुरात जाणं, हे त्या पिढीनं पाहिलं नव्हतं. मोडलेली घरं त्याच जागी पुन्हा उभी करणं धोक्याचं होतं. गाव नदीपासून हटवून उंचावर नव्यानं वसवावं लागलं.

तेव्हा राज्यकर्ते नवे होते. पुसदचे सुधाकरराव नाईक जूनच्या अखेरीस मुख्यमंत्री झाले होते. नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान होऊन जेमतेम चाळीस दिवस झाले होते. देशाची तिजोरी रिकामी होती, परकीय चलनासाठी सोनं गहाण पडलं होतं. त्यात आपत्तीच्या पैशाची घडीही नुकतीच बदलली होती. नवव्या वित्त आयोगानं १९९० पासून प्रत्येक राज्यासाठी आपत्ती निवारण निधी सुरू केला. साऱ्या राज्यांचा मिळून तो वर्षाला ८०४ कोटींचा होता. त्यात तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा, बाकी राज्यांचा. या आयोगाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे. ते पूर्वी बैतूलचे खासदार होते, म्हणजे वर्धा जिथे उगम पावते त्याच जिल्ह्याचे.

निधी आधीच हाताशी असल्यानं प्रत्येक पुरानंतर दिल्लीच्या पथकाची वाट पाहायची गरज कमी झाली, हे मोठंच काम झालं. पण तो होता तातडीच्या मदतीसाठी. भांडी, कपडे, धान्य, मृतांच्या वारसांना सानुग्रह अनुदान, तात्पुरता निवारा, इथवर त्याची हद्द. गाव उचलून दुसरीकडे वसवायचं तर जमीन, रस्ते, पाणी आणि घरांचे पैसे वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या शीर्षांमधून जमवावे लागत. मदत एका दिवसात पोहोचू शकते. पुनर्वसनाची फाईल मात्र एकेका टेबलावरून पुढे सरकते. धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्रात १९७६ पासून पुनर्वसनाचा कायदा होता. पुरानं बेघर झालेल्यांसाठी तसा कायदा नव्हता. आपत्ती व्यवस्थापन कायदा यायला २००५ साल उजाडलं.

मग गरिबांच्या घरांची योजना नव्हती का? होती. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्येच सुरू झाली होती. पण मोवाड वाहून गेलं तेव्हा ती फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी होती. इतर गरिबांना तिचं दार उघडलं ते १९९३-९४ मध्ये. संत्र्याच्या बागेत रोजंदारी करणाऱ्या, पण या यादीत न बसणाऱ्या माणसाचं घर पुरात गेलं, तर त्या साली घरकुलाच्या रांगेत त्याला जागाच नव्हती. आपत्तीचा निधी त्याला पोटापुरतं देत होता, आवास योजना त्याला ओळखत नव्हती.

ही फट पुरानं पाडलेली नव्हती, ती कितीतरी जुनी होती. मालगुजारीच्या काळात नागपूर प्रांतात गावठाणाला आबादी म्हणत. शेत कसणाऱ्या कुळाला आबादीत घराच्या जागेचा काही आधार तरी असे. बिनशेतीच्या मजुराचं खोपट मात्र मालगुजाराच्या मर्जीवर उभं. मालगुजारी नष्ट करणारा तेव्हाच्या मध्य प्रदेशचा कायदा ३१ मार्च १९५१ रोजी अमलात आला आणि मालकी सरकारकडे गेली. मर्जी संपली, ही मोठी सुटका होती. पण खोपटाखालच्या जमिनीचा कागद काही आपोआप मजुराच्या नावावर झाला नाही. १९७१ मध्ये केंद्रानं ग्रामीण भूमिहीनांना घराच्या जागा देण्याची योजना आणली, पुढे ती राज्यांकडे सोपवली. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात तिला पुन्हा जोर आला. तरी गावोगाव लोक नाल्याच्या कडेला, गायरानात, रस्त्यालगत पऱ्हाटीच्या कुडाच्या भिंती घालून राहत राहिले. कारण मोकळी जागा तीच होती, आणि पाणी पहिल्यांदा शिरतं तेही तिथेच.

मोवाडनंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. इथे जागतिक बँकेचं कर्ज आलं, स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. महाराष्ट्रात पुनर्वसनाची यंत्रणा खऱ्या अर्थानं घडली ती या कामात. पण घरांच्या मापात मात्र सरकारनं जुनाच हिशोब ठेवला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि मोठ्या खातेदाराला ७५० चौरस फूट. भूकंपानं सगळ्यांचे वाडे आणि खोल्या एकाच तऱ्हेनं पाडल्या होत्या. नवं घर मिळताना सातबारा आडवा आला. एवढं मोठं आणि बहुतांशी चांगलं काम करणाऱ्या सरकारनं हा भेद टाळायला हवा होता.

घरकुलाची आजची व्यवस्था त्यामानानं बरीच पुढे आली आहे. इंदिरा आवासची रक्कम २००४ मध्ये २५ हजार होती, २००८ मध्ये ३५ हजार, २०१० मध्ये ४५ हजार आणि २०१३ मध्ये ७० हजार झाली. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. केंद्र ६० टक्के देतं, राज्य ४०. त्याशिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. महाराष्ट्रानं रमाई, शबरी, पारधी आवास योजना वेगळ्या काढल्या, २०२३ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास घरकुल योजना आणली. २०२५ मध्ये आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्यानं आणखी ५० हजारांची भर घातली. यादी काढताना पूर्वी घरात मोटारसायकल असली की नाव कटत असे. दुसऱ्या टप्प्यात ती अट गेली, हे शहाणपणाचं झालं. दहा-बारा किलोमीटरवरच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या मजुराला मोटारसायकल लागतेच. तिच्यावरून तो श्रीमंत ठरत नाही.

पैसा मिळतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. मंजुरीनंतर पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात पाया खोदून जोत्यापर्यंत काम आणायचं. मग ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येऊन मोबाइलवर फोटो काढतो, जागेची खूण त्या फोटोत नोंदली जाते, आणि मोठा हप्ता खात्यात जमा होतो. पुढे भिंती, छत, तसतसे फोटो. मधल्या काळात सळई, सिमेंट, मिस्त्रीची मजुरी यासाठी घरधनी हातउसने घेतो किंवा आगाऊ उचल मागतो. जोत्यावर येऊन थांबलेली घरं गावात दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांचं कारण आळस हे नसतं, जवळचे पैसे संपलेले असतात एवढंच.

नरखेड तालुक्यात नरखेड आणि मोवाड या दोन नगर परिषदा आहेत, बाकी सारी खेडी. त्यामुळे मोवाडच्या हद्दीत शहरी आवास योजना लागू होते. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, मिळून अडीच लाख. हद्दीबाहेरच्या खेड्यात मूळ रक्कम १ लाख २० हजार, राज्याची ५० हजारांची भर धरूनही १ लाख ७० हजार. विटांचा भाव दोन्हीकडे तोच, मिस्त्रीही बहुधा तोच. शहरी योजनेत रक्कम मोठी, पण त्यासाठी जागेची मालकी कागदावर दाखवावी लागते, आणि गरिबाची गाडी नेमकी तिथेच अडते. राज्यानं २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या सरकारी जागेवरची, १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजनाही आहे. ग्रामसभेत, तहसिलीत, पंचायत समितीच्या पायऱ्यांवर आज घरासाठी जो पाठपुरावा चालतो, त्यातला मोठा भाग भिंतींसाठी नसून या कागदासाठीच असतो.

पुन्हा पूर आला तर? २०२२ पासूनच्या केंद्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आहेत, मग घर पक्कं असो की कच्चं. म्हणजे आपत्तीचा पैसा आणि ग्रामीण आवास योजनेची मूळ रक्कम अखेर एकाच आकड्यावर आले. पंधराव्या वित्त आयोगानं आपत्तीच्या निधीतच पुनर्बांधणीसाठी वेगळा हिस्साही ठेवला. १९९१ मध्ये मोवाडला जे मिळू शकत नव्हतं, ते आता नियमात आहे.

पण त्याच निकषांत आणखी एक ओळ आहे. पडलेली वास्तू ‘झोपडी’ असेल तर ८ हजार रुपये. कच्चं घर आणि झोपडी यांच्यातला फरक पाणी ओसरल्यावर पंचनामा करणारा तलाठी ठरवतो, चिखलात उभा राहून, उरलेला एखादा खांब आणि ओल्या मातीचा ढीग पाहून. मातीची भिंत होती की कुडाची, वर कवेलू होते की ताडपत्री, हे विचारून तो रकाना भरतो. रकाना बदलला की एका कुटुंबाच्या हातून १ लाख १२ हजार रुपये जातात. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये आधीपासून असली, तर त्या माणसाला बोलायला काहीतरी आधार असतो; नसली तर तोंडी सांगण्यावाचून त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

म्हणून नदी-नाल्याच्या काठावरची प्रत्येक वस्ती पावसाळ्याआधी मोजली गेली पाहिजे. भिंत कशाची, छप्पर कशाचं, राहतं कोण, याचा फोटो आणि नोंद ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेत आधीच असली पाहिजे. घरकुलाच्या जोत्याचा फोटो काढणारा मोबाइल आणि तो वापरणारा माणूस आज जवळपास प्रत्येक पंचायत समितीत आहे. हे काम मे महिन्यात होऊ शकतं, आणि त्यासाठी नवी योजना लागत नाही.