कांजूरमार्ग क्षेपणभूमी : नागरी लढा

मुंबई महापालिकेच्या एस विभागात ठाणे खाडीकाठची कचराभूमी. २००८ मध्ये संरक्षित वन म्हणून अधिसूचित झालेल्या जमिनीतून ११९.९१ हेक्टर क्षेत्र शासनाने २००९ मध्ये या कचराभूमीसाठी वगळले. वारा फिरला की दुर्गंधी विक्रोळीच्या कन्नमवारनगरापर्यंत जाते. ऐन उकाड्यात खिडक्या लावून घ्याव्या लागतात. रहिवाशांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. ‘वनशक्ती’ संस्थेने २०१३ मध्ये जमीन वगळण्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. निकालाला बारा वर्षे लागली. दरम्यान शहराचा बहुतेक कचरा इथेच येऊ लागला, ही खरी मेख. २ मे २०२५ रोजी न्यायालयाने वगळण्याची अधिसूचना रद्द केली व पालिकेला निकालाच्या पालनासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. ती संपण्याच्या सुमारास, ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली.