मोफत व सशुल्क आशय (ऑनलाइन शिक्षण)

ऑनलाइन शिक्षणमंचावर काय सर्वांना खुले ठेवायचे आणि कशासाठी शुल्क आकारायचे, याची आखणी. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही अभ्यासक्रम जगभरासाठी विनामूल्य खुले झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात दीड लाखांहून अधिक जणांनी नाव नोंदवले. पुढच्याच वर्षी अँड्र्यू इंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा स्थापन केली, तर हार्वर्ड व एमआयटी यांनी एडएक्स.

प्रारंभी व्याख्याने, स्वाध्याय, मूल्यमापन सारेच मोफत होते. २०१३ पासून कोर्सेराने ओळख पडताळून दिलेल्या प्रमाणपत्रासाठी शुल्क घेतले. पुढे अनेक अभ्यासक्रमांत गुण मिळणारे स्वाध्यायही शुल्काच्या कक्षेत गेले. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण खरा तोटा इथेच आहे: व्याख्यान ऐकून विषय कळतो, पण तो पक्का होतो सोडवलेले उत्तर तपासून मिळाल्यावर. पैसे नसलेल्याच्या वाट्याला मग केवळ श्रोत्याची जागा उरते.

भारतात आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमाने रेषा वेगळ्या जागी आखली. व्याख्याने आणि साप्ताहिक स्वाध्याय मोफत. शुल्क फक्त परीक्षा केंद्रावरील ऐच्छिक परीक्षेचे. परीक्षेला पर्यवेक्षक, केंद्र आणि ओळखतपासणी लागते, म्हणून हा खर्च समजण्याजोगा आहे. अर्थात, या उपक्रमामागे केंद्र सरकारचा निधी आहे. केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या मंचाला इतके औदार्य परवडणे कठीण.