राजगृहातलं १९३६ साल

कारंज्याहून एसटीने नागपूर, तिथून सहा डिसेंबरच्या विशेष गाडीने दादर. चैत्यभूमीवर माथा टेकून तुम्ही हिंदू कॉलनीत येता, रांगेला लागता. राजगृहाच्या तळमजल्यावर आता संग्रहालय आहे. चपला काढा, उंबरठा ओलांडा आणि एप्रिल १९३६ मध्ये या.

दादर टी.टी.कडून ट्रामची घंटा ऐकू येतेय. घर जेमतेम तीन वर्षांचं. परळच्या चाळीत पुस्तकं मावेनात, तेव्हा बाबासाहेबांनी कर्ज काढून, गवंड्यांच्या कामावर स्वतः नजर ठेवून ते बांधून घेतलं. म्हणायला घर, खरं तर ग्रंथालयातच राहण्यापुरती जागा केलेली. रमाबाईंना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

कपाटांजवळ जा. या माणसाची पुस्तकं एकदा समुद्राने गिळली होती: १९१७ साली लंडनहून निघालेलं त्यांचं सामान पाणबुडीने बोटीसकट बुडवलं. मग १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि ब्रिटिश म्युझियमच्या घुमटाखालच्या वाचनकक्षात उघडल्यापासून बंद होईपर्यंत, अर्धपोटी, बसून राहिले. तिथे बसायला मिळालं, पण पुस्तक घरी नेता येत नसे. इथे प्रत्येक पुस्तक स्वतःचं आहे.

आता टेबलाकडे बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाचं पत्र आलंय. आमच्या परिषदेसाठी लिहिलेल्या अध्यक्षीय भाषणातला काही मजकूर गाळा, म्हणतात. २७ एप्रिलला उत्तर जातं: स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद होतच नाही. मे महिन्यात बाबासाहेब ते भाषण स्वखर्चाने छापतात, प्रती १५००. मला राजगृहात सगळ्यांत मोठी वाटते ती हीच घटना.

पुढे १९४१ मध्ये याच कॉलनीतली ‘चार मिनार’ ही त्यांची दुसरी इमारत विकली जाते, पुस्तकांचं देणं फेडायला. संग्रह पन्नास हजारांवर जातो. त्यातली बरीच पुस्तकं आज फोर्टला, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत.

मागचे लोक खोळंबलेत, बाहेर या. परतीच्या गाडीला वेळ आहे. शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर ते भाषण मराठीतही मिळतं. दोन प्रती घ्या, एक गावच्या वाचनालयासाठी.